पहिले उड्डाण पूर्ण झाले, हे कोणी सांगायचे?

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली, त्या पहिल्याच दिवशी नववीतला एक विद्यार्थी धावत शिक्षक-कक्षात आला. सुट्टीत तो मामाकडे पुण्याला गेला होता. तेथे मामेभावाच्या संगणकावर विमान चालवण्याचा खेळ खेळायला मिळाला होता. ‘‘सर, माझे पहिले उड्डाण पूर्ण झाले!’’ असे सांगताना त्याचा चेहरा फुलून आला होता.

आम्हालाही कौतुक वाटले. आम्ही विचारले, ‘‘कोठून निघालास? कोठे उतरलास? किती वेळ लागला? कोणत्या दिशेने गेलास?’’ तो थोडा गोंधळला. विमान छोटे होते, पांढरे होते, एवढे त्याला आठवत होते. बाकी काही सांगता येईना. शेवटी म्हणाला, ‘‘पण पडद्यावर आले होते ना सर, उड्डाण पूर्ण झाले म्हणून! पैसेही मिळाले.’’

त्याच महिन्यातील पालकसभेत हा विषय निघाला. असा खेळ शाळेच्या संगणक कक्षात आणावा, असे काही पालकांचे म्हणणे होते. मुले आधीच पडद्याला चिकटलेली आहेत, आता शाळेनेही तेच करायचे का, असे इतर काहींनी विचारले. विश्वस्त मंडळातील एका ज्येष्ठांनी नेमका प्रश्न केला, ‘‘यातून मुलांच्या हाती काय पडणार?’’ संगणक कक्षाचे काम पाहणारे आम्ही काही शिक्षक आणि मदतीला येणारे काही पालक, यांनी त्या प्रश्नाचे उत्तर शोधायचे ठरवले. चार शनिवार आम्ही त्यासाठी दिले. जे समजले ते येथे मांडतो आहोत.

प्रथम खेळाविषयी. विमानाची नक्कल करणारा हा प्रकार नवा नाही. मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर १९८२ साली बाजारात आला. त्याचे मूळ काम ब्रूस आर्टविक यांनी केले होते. तेव्हा पडद्यावर चार रेघा आणि काही ठिपके दिसत. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या आवृत्तीत सगळी पृथ्वी उपग्रहाच्या छायाचित्रांवरून उभी केलेली आहे. त्यात ‘करिअर’ नावाचा एक भाग आहे. खेळणाऱ्याने आपले विमानतळ निवडायचे, छोट्या विमानावर शिकायचे, परवान्याची परीक्षा द्यायची, मग लहानसहान कामे घेऊन पैसे मिळवायचे आणि मोठ्या विमानांकडे जायचे. प्रत्येक उड्डाणानंतर गुण पडतात आणि नियम मोडला तर गुण कापले जातात. सगळा हिशेब खेळच ठेवतो.

नकली विमानात बसून शिकणे ही पोरखेळाची गोष्ट आहे, असे कोणी समजू नये. अमेरिकेत एडविन लिंक नावाच्या तरुणाच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. लिंकने ऑर्गनचे भाते वापरून जमिनीवरच डोलणारे, वळणारे एक खोटे विमान १९२९ च्या सुमारास तयार केले. सुरुवातीला ते जत्रेतल्या करमणुकीसाठीच विकले जाई. १९३४ मध्ये अमेरिकी सैन्याकडे टपाल नेण्याचे काम आले. खराब हवेत, ढगांत दिशा न कळल्याने अनेक वैमानिक प्राणास मुकले. तेव्हा सैन्याने लिंकची सहा यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक अशा यंत्रांवर शिकले. आजही प्रवासी विमानांचे वैमानिक ठराविक काळाने सिम्युलेटरवर परीक्षा देतात.

मात्र पालकांनी एक गोष्ट स्पष्ट ध्यानात घ्यावी. घरच्या संगणकावर खेळलेला एकही तास परवान्याच्या हिशेबात धरला जात नाही. आपल्या देशात व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवण्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते आणि त्याचा खर्च लाखो रुपयांत जातो. संगणकावर विमान उतरवता आले म्हणून मुलगा वैमानिक होणार, असे स्वप्न आम्ही कोणाला दाखवणार नाही. असे असतानाही या खेळात शाळेने घेण्यासारखे काही आहे, असे आमचे मत झाले आहे. ती गोष्ट म्हणजे नोंद.

खऱ्या वैमानिकाचे उड्डाण चाके जमिनीला लागली म्हणजे संपत नाही. विमान उभे करायचे, इंजिन बंद करायचे आणि मग नोंदवही काढायची. तारीख, विमानाचा प्रकार, त्याचा नोंदणी क्रमांक, कोठून कोठे, किती वेळ, सोबत शिक्षक होता की एकट्याने नेले, हे सारे लिहायचे. हे तास पुढे परवान्यासाठी दाखवावे लागतात. खोटी नोंद केली तर परवानाच धोक्यात येतो.

भारतातल्या पहिल्या उड्डाणांची आठवण करताना आपल्याला तारखा सांगता येतात, त्याही नोंदींमुळेच. जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी परवाना मिळाला. भारतात दिलेला तो पहिला परवाना, त्यावर क्रमांक होता १. ते बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये शिकले होते. पुढे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ते पस मॉथ जातीचे छोटे विमान घेऊन कराचीहून टपालासह निघाले. अहमदाबादेत इंधनासाठी थांबले. इंधनाचे डबे तेथे बैलगाडीतून आले होते. मग मुंबईत जुहूला उतरले. टपालाच्या थैल्या वेळेवर पोहोचवणे हे त्या उड्डाणाचे काम होते. म्हणून किती वाजता निघालो आणि किती वाजता पोहोचलो याला महत्त्व होते.

आणखी एक उदाहरण आपल्या शेजारच्या खानदेशातले आहे. मुंबईचे कॅप्टन अमोल यादव यांनी स्वतः विमान बांधायचा ध्यास घेतला. कांदिवलीला राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान उभे केले. ते २०१६ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिले. पण विमान तयार झाले म्हणून उडवता येत नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे त्याची नोंदणी २०१७ मध्ये झाली, उड्डाणाची परवानगी २०१९ मध्ये मिळाली आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर त्याची उड्डाण चाचणी झाली. गच्चीपासून आकाशापर्यंतच्या या वाटेवर अर्ज, तपासण्या आणि कागद किती लागले असतील, याचा विद्यार्थ्यांनी विचार करावा. आपल्या बऱ्हाणपूरपासून धुळे सरळ रेषेत सुमारे दीडशे किलोमीटर आहे.

आता आम्ही केलेला प्रयोग सांगतो. नवीन, महागडा खेळ आमच्या संगणकांवर चालणे शक्य नव्हते. त्याला ताकदीचा संगणक आणि वेगवान इंटरनेट लागते. म्हणून आम्ही ‘फ्लाइटगिअर’ हा कार्यक्रम घेतला. तो फुकट आहे. जगभरातील हौशी मंडळींनी १९९० च्या दशकात त्याची सुरुवात केली आणि आजही तेच तो सांभाळतात. साध्या संगणकावरही तो चालवता येतो. त्यातले देखावे फार सुंदर नाहीत, पण नदी, लोहमार्ग आणि डोंगर ओळखू येतात. ‘करिअर’चे गुण आणि पैसे देणारा यजमान त्यात आम्हाला नको होता. उड्डाण पूर्ण झाले की नाही, हे मुलांनीच ठरवायचे, असे आम्ही सांगितले. दोनशे पानी वही आणली आणि तिच्यावर ‘उड्डाण नोंदवही’ असे लिहिले.

मार्गही आपलाच निवडला. बऱ्हाणपूरला विमानतळ नाही. जवळचे विमानतळ जळगावचे. तेव्हा जळगावहून निघायचे, बऱ्हाणपूरवर एक फेरी मारायची आणि परत जळगावला उतरायचे. संगणकाला हात लावण्याआधी मुलांनी भूगोलाचा नकाशा, पट्टी आणि कोनमापक घेतले. जळगाव विमानतळ ते बऱ्हाणपूर हे अंतर सरळ रेषेत सुमारे ७३ किलोमीटर निघाले. दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे सुमारे ५८ अंश. परतीची दिशा त्यात १८० मिळवून २३८ अंश. सेस्ना १७२ हे चार आसनी विमान ताशी सुमारे २०० किलोमीटर वेगाने जाते, म्हणजे जायला साधारण २२ मिनिटे. वाटेत काय दिसायला हवे तेही लिहून काढले. आधी भुसावळ, जवळजवळ खालीच. मग तापी ओलांडायची. पुढे खांडव्याकडे जाणारा लोहमार्ग डाव्या हाताला, हतनूर धरणाचे पाणी उजव्या हाताला. शेवटी तापीच्या काठी आपले गाव आणि त्याच्या उत्तरेला असीरगडाकडचे डोंगर.

विमानातला तयार नकाशा आम्ही बंद ठेवला. दिशादर्शक, घड्याळ आणि खिडकी एवढ्यावर जायचे.

पहिल्या शनिवारी आठवीतल्या एका मुलीची पाळी आली. विमान नीट उडाले. सगळे खूष. दहा-बारा मिनिटे झाली आणि ती म्हणाली, ‘‘लोहमार्ग उजवीकडे का दिसतो आहे? तो डावीकडे पाहिजे.’’ मागे उभी असलेली मुले हसली, कोणी म्हणाले, जाऊ दे पुढे. तिने नकाशाच्या कागदाकडे पाहिले, पुन्हा खिडकीकडे पाहिले. बावीस मिनिटे झाली तेव्हा खाली गाव नव्हते, सातपुड्याच्या टेकड्या होत्या. तिने विमान वळवले, लोहमार्ग धरून भुसावळपर्यंत आली आणि जळगावला दुसऱ्या प्रयत्नात उतरली. पाऊण तासाचे उड्डाण एक तास चालले.

चूक कोठे झाली ते आम्ही सगळ्यांनी मिळून शोधले. या विमानात दिशा दाखवणारी दोन साधने असतात. एक साधे चुंबकीय होकायंत्र आणि दुसरे वेगाने फिरणाऱ्या चक्रावर चालणारे. दुसरे स्थिर असते, वाचायला सोपे असते, पण ते स्वतःहून उत्तर ओळखत नाही. निघण्यापूर्वी ते होकायंत्राशी जुळवून घ्यावे लागते आणि उड्डाणातही ठराविक वेळाने पुन्हा जुळवावे लागते. ते जुळवायचे राहिले होते. फरक होता दहा अंशांचा. आकाशात एक अंश चुकले तर साठ किलोमीटरवर सुमारे एक किलोमीटर वाट चुकते. दहा अंश चुकल्यावर ७३ किलोमीटरच्या शेवटी आपण बारा-तेरा किलोमीटर बाजूला असतो. गणिताच्या सरांनी तेथेच फळ्यावर त्रिकोण काढून दाखवला. त्रिकोणमिती कशाला शिकायची, हा प्रश्न त्या दिवशी कोणी विचारला नाही.

एवढ्यावर थांबून ‘पुन्हा सुरू करा’ हे बटण दाबले असते तर चूक पुसली गेली असती. खेळात तशी सोय असतेच. त्या मुलीने मात्र वहीत लिहिले, ‘‘बऱ्हाणपूर सापडले नाही. दिशादर्शक होकायंत्राशी जुळवला नव्हता. लोहमार्ग चुकीच्या बाजूला दिसला तेव्हाच थांबून विचार करायला हवा होता. मी दहा मिनिटे तशीच पुढे गेले.’’ दुसऱ्या शनिवारी तिने निघण्यापूर्वीच्या कामांची यादी स्वतः केली आणि ती मोठ्याने वाचत एकेक काम केले. तेविसाव्या मिनिटाला तापीचे वळण दिसले. पडद्यावर गाव म्हणजे राखाडी रंगाचा एक डाग होता. तरी सगळी मुले ‘‘आपले गाव, आपले गाव’’ म्हणून ओरडली.

यादी वाचून काम करण्याची ही रीत वैमानिकांनी फार मोठी किंमत देऊन शिकलेली आहे. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत डेटन येथे बोइंगचे नवे, मोठे बॉम्बफेकी विमान चाचणीसाठी उडाले आणि लगेच कोसळले. चालवणारे मेजर हिल हे अनुभवी वैमानिक होते. यंत्रात बिघाड नव्हता. जमिनीवर उभे असताना शेपटीकडचे भाग वाऱ्याने हलू नयेत म्हणून लावलेले कुलूप काढायचे राहून गेले होते. हिल आणि त्यांचे एक सहकारी त्यात गेले. त्यानंतर वैमानिकांनी ठरवले की स्मरणशक्तीवर विसंबायचे नाही, यादी हातात धरायची. तीच रीत आज जगभरच्या विमानांत पाळली जाते. आपल्या मुलांनी परीक्षेची उत्तरपत्रिका देण्यापूर्वी अशी चार ओळींची यादी वाचली तरी कितीतरी गुण वाचतील!

आता पालकांचे आक्षेप. डोळ्यांवर ताण येतो, वेळ जातो, सवय लागते, हे खरेच आहे. म्हणून आमचे म्हणणे असे की एका विद्यार्थ्याला आठवड्यातून एकच उड्डाण मिळावे. आधीचा अर्धा तास कागदावर, नंतरचा पाव तास वहीवर. आखणी केली नसेल त्याला विमान नाही आणि मागची नोंद अपुरी असेल त्यालाही नाही. चार शनिवारांत आमच्या असे लक्षात आले की निव्वळ खेळायला आलेली दोन-तीन मुले दुसऱ्या आठवड्यात गळाली. जी राहिली ती कोनमापक घेऊन येऊ लागली.

दुसरी काळजी मुलींची. संगणकासमोर मुले गर्दी करतात आणि मुली मागे उभ्या राहतात, हे आम्ही पाहिले. म्हणून पाळ्या हजेरीपटाप्रमाणे लावल्या. १९८५ मध्ये इंडियन एअरलाइन्सच्या फॉकर फ्रेंडशिप विमानात वैमानिक आणि सहवैमानिक दोघी स्त्रिया असलेले उड्डाण झाले. त्याच्या कॅप्टन होत्या सौदामिनी देशमुख आणि सहवैमानिक निवेदिता भसीन. आज भारतातील वैमानिकांत स्त्रियांचे प्रमाण जगाच्या सरासरीच्या दुपटीहून अधिक आहे. आपल्या शाळेतल्या मुलीने निदान संगणकावरची पहिली पाळी तरी मागू नये, ती तिला मिळावी.

तिसरी गोष्ट आपल्या समाजाची. आपली मुले घरी मराठी बोलतात, बाजारात हिंदी, आणि संगणकावर इंग्रजी वाचतात. मराठीत स्वतःच्या मनाने चार ओळी लिहायच्या म्हटले की निबंधाच्या पुस्तकाकडे धाव घेतात. या वहीत मात्र त्यांना पुस्तकातून उतरवता येत नाही, कारण ते उड्डाण त्यांचेच असते. वाऱ्याने विमान डावीकडे ढकलले, उतरताना उंची जास्त राहिली, चाके आपटली, हे मराठीत कसे सांगायचे ते त्यांना शोधावे लागले. एकाने लिहिले, ‘‘विमान बेडकासारखे दोनदा उडाले.’’ त्याला आम्ही पैकीच्या पैकी गुण दिले.

उतरण्याच्या बाबतीत तर गावाचाच दाखला कामी आला. विमान धावपट्टीकडे सुमारे तीन अंशांच्या उतारावर येते, म्हणजे तीनशे मीटर उंचीवरून उतरायला साधारण पावणेसहा किलोमीटर आधी सुरुवात करावी लागते. मुलांना हे पटेना. तेव्हा एका पालकांनी कुंडी भंडाऱ्याची आठवण दिली. १६१५ साली बांधलेल्या त्या व्यवस्थेत सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी कोणत्याही यंत्राशिवाय, केवळ जमिनीखालच्या हलक्या उतारावरून शहराकडे येते. उतार थोडा आणि सारखा असेल तरच पाणी नीट वाहते. विमानालाही तसेच आणायचे, एवढे म्हटल्यावर पुढची चार उड्डाणे चांगली उतरली.

विश्वस्त मंडळाला आमची विनंती मोठी नाही. नवीन संगणक आम्ही मागत नाही. शनिवारी दुपारी दोन तास संगणक कक्ष उघडा ठेवण्याची परवानगी, खानदेश आणि निमाड दिसेल असे दोन मोठे नकाशे, डझनभर कोनमापक आणि वह्या, एवढे पुरेल. वर्षाअखेरीस वह्या मंडळासमोर ठेवू. त्यांत फक्त यशस्वी उड्डाणे दिसली तर आमचा उपक्रम फसला असे समजावे आणि तो बंद करावा. चुकलेल्या वाटा, त्यांची कारणे आणि पुढच्या खेपेची दुरुस्ती दिसली तर पुढे चालू द्यावा.

पालकांनी घरी मुलांना खेळू द्यायचे की नाही, हे त्यांनीच ठरवावे. पण मुलाने ‘‘झाले पूर्ण’’ असे सांगितले तर पडद्याकडे न पाहता, ‘‘कोठून, कोठे, किती वेळ, काय चुकले?’’ एवढे चार प्रश्न जरूर विचारावेत.

सुरुवातीला सांगितलेला तो नववीतला विद्यार्थी चौथ्या शनिवारी आला होता. त्याने जळगाव–बऱ्हाणपूर–जळगाव हे उड्डाण सत्तेचाळीस मिनिटांत केले. उतरल्यावर तो उठून निघाला, दारापर्यंत गेला आणि परत आला. वही ओढून घेतली आणि तारीख घातली. क्रमांकाच्या रकान्यात त्याने १ लिहिले. आम्ही विचारले, पुण्याचे उड्डाण धरायचे नाही का? तो म्हणाला, ‘‘ते कोठे गेले होते ते मला माहीत नाही, सर.’’